खुशालराव काट्यावर बसले

भातकुलीचे खुशालराव अमरावतीच्या बाजारात कापसाच्या काट्यावर बसले, इथेच चुकलं. काटा मालासाठी असतो, मालकासाठी नसतो. पण त्या वर्षी अख्ख्या वऱ्हाडात कोणाचीच बुद्धी ठिकाणावर नव्हती. समुद्रापलीकडे अमेरिका नावाच्या मुलखात भाऊबंदकी पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि भातकुलीच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. (भांडण कशावरून, हे खुशालरावांना ठाऊक नव्हतं. ते इतक्यात मिटू नये, एवढंच ते रोज देवाला सांगत.)

भाव चढला तसे खुशालरावही चढले, आधी रेंगीत आणि मग अंगाने. रेंगी म्हणजे बैलांची हलकी सवारी गाडी. ती दारात येण्याआधी खुशालराव रोज सकाळी नासिर पिंजाऱ्याबरोबर पायी वावरात जायचे. नासिर त्यांचा लहानपणचा दोस्त. खांद्यावर पिंजण घेऊन तो गावोगाव फिरे, दोघांची वाट निम्म्यापर्यंत एकच, आणि गप्पा त्याहून लांब. रेंगी आली आणि ते सगळं सुटलं. गाडीत बसलेल्या माणसाशी पायी चालणारा काय बोलणार? उरलेला दिवस खुशालराव ओसरीवर लोडाला टेकून काढत. चार पायऱ्या चढल्या की छाती धडधडे, गुडघे बोलत, आणि कुणी आलं तर उठून उभं राहण्यापेक्षा त्यालाच बसवून घेणं बरं वाटे. लोक मात्र म्हणत, "लक्ष्मी अंगावर दिसून राहिली." खुशालरावांनाही ती तिथेच दिसे.

तर त्या दिवशी माल उतरवून झाल्यावर देवीदास मापारी म्हणाला, "मालक, तुमीबी बसा एक डाव." खुशालराव हसत हसत पारड्यात बसले. दुसऱ्या पारड्यात वजनं पडत गेली आणि देवीदासने आरोळी ठोकली, "सव्वादोन मण!" अडतीवरच्या लोकांनी वाहवा केली. खुशालरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि घरी येऊन बायकोलाही आकडा सांगितला. जमुनाबाई म्हणाल्या, "तरीच खाट करकरून राहिली."

पंधरा दिवसांनी ते पुन्हा माल घेऊन गेले. देवीदास लग्नाला गेला होता, काट्यावर जानराव नावाचा नवा मापारी होता. खुशालरावांना आपलं कौतुक पुन्हा ऐकायचं होतं. ते आपणहून पारड्यात बसले. जानरावाने वजनं टाकली, काटा स्थिर होऊ दिला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि कोरड्या आवाजात म्हटलं, "दोन मण दोन शेर."

खुशालराव पारड्यातून उतरेनात. पंधरा दिवसांत आठ शेर गेले होते. लाडू तर रोज पोटात जात होते, मग हे आठ शेर निघाले कुठून? त्यांचे एक काका असेच वाळत गेले होते. शेवटी शेवटी अंगरखा खुंटीला टांगावा तसा त्यांच्या अंगावर लोंबत असे. भातकुली येईपर्यंत खुशालरावांनी हिशेब करून टाकला. पंधरा दिवसांना आठ शेर, म्हणजे मृग लागेपर्यंत आपण पुरते संपणार. (माणूस शून्य शेरापर्यंत जगतो, असं त्यांनी धरलं होतं.) त्यांना खरोखर भीती वाटली. छाती धडधडत होतीच, आता ती कशाने धडधडते हेही कळलं.

जमुनाबाईंना सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पण मरायच्या आधी ज्यांचं मन दुखवलं त्यांची माफी मागायला हवी. माफी मागायला रेंगीत बसून जाणं बरं दिसत नव्हतं, म्हणून ते पायी निघाले. पहिलं घर नासिरचं. तेवढ्या अंतरात तीनदा थांबावं लागलं, आणि प्रत्येक थांब्याला त्यांनी रामाचं नाव घेतलं.

नासिर दारात कापूस पिंजत होता. त्याने मान वर केली नाही. "रेंगी मोडली काय?"

"नासिर, मी मरून राहिलो."

"बस मंग. उभ्यानं कोन मरते?"

खुशालरावांनी सगळं सांगितलं, कुणाला न सांगण्याची शपथ घातली आणि म्हणाले, "दोन वर्सं मी तुले रस्त्यावर सोडून गाडीतून गेलो. माफ कर गड्या."

नासिरने समोरचा कापूस बाजूला सारला. मग म्हणाला, "रोज तुह्या गाडीची धूळ खाल्ली मी. अल्लाची मर्जी. उद्या पायटी मी आपल्या शिवेपर्यंत जाऊन राहिलो. येतं काय?"

मरणाऱ्या माणसाला नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी ते गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. माफीचं काम वाटलं तेवढं लहान नव्हतं. सुगीच्या दोन वर्षांत खुशालरावांनी गावात पुष्कळांकडे पाठ फिरवली होती. रामरावाशी बांधावरून अबोला होता. त्याच्या वावरात जाऊन बसले, तर त्याने निंदण करता करता बोलायची अट घातली, तेव्हा खुशालरावांनी हातात विळा घेतला. मैनाबाई कुंभारणीच्या दारावरून ते वर्षभर न बोलता गेले होते. तिने माफी दिली, पण आधी माती तुडवायला लावली. जिथे जात तिथे मरणाची गोष्ट शपथेवर सांगत, कांदा-भाकर खात, पोटभर बोलत आणि संध्याकाळी पाय ओढत घरी येत. अंथरुणाला पाठ लागली की झोप. खुशालरावांना ती ग्लानी वाटे.

होळी झाली, पाडवा गेला. धाप कधी थांबली ते त्यांच्या ध्यानात आलं नाही, पण धोतराचा कासोटा ढिला झालेला रोज ध्यानात येत होता. बाराबंदीचे बंद दोन बोटं जास्त आवळावे लागले, त्या दिवशी ते वावरात बसून रडले. बोटातली अंगठी गळून पडली, तेव्हा त्यांनी देवाला सांगितलं की अमेरिकेतलं भांडण आता मिटलं तरी चालेल. तब्येत जितकी सुधारत होती तितकं त्यांना मरण जवळ दिसत होतं. जमुनाबाई ताटात तूप वाढत आणि ते हात आडवा धरत, "आता काय करायचं तुपाले?" जमुनाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहून राहत. (शपथा घेतलेल्या लोकांपैकी निम्म्यांनी जमुनाबाईंना केव्हाच सांगितलं होतं. उरलेल्या निम्म्यांनी ते दुसऱ्या गावी सांगितलं होतं.)

वैशाखात खुशालरावांना राहवेना. किती उरलो ते एकदा कळू दे, म्हणून ते नासिरला घेऊन अमरावतीला निघाले, पायीच. पाच-सहा कोसांची वाट. नासिर दोनदा झाडाखाली टेकला. खुशालराव उभ्याउभ्या त्याची वाट पाहत होते आणि म्हणत होते, "चाल गड्या, माह्यापाशी वेळ नाही."

काट्यावर जानरावच होता. खुशालराव डोळे मिटून पारड्यात बसले. जानरावाने वजनं टाकली, बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "एक मण सत्तावीस शेर."

खुशालरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण नासिर वजनांकडे पाहत होता. पिंजाऱ्याचा सगळा जन्म कापसाच्या वजनात जातो, त्याला आकडा फसवत नाही.

"जानरावजी, पारड्यात तं एक मण पस्तीस शेर दिसून राहिले. आठ शेर कुठी गेले?"

"कडता कापला, मालाच्या वजनातून कापतो तसा," जानराव म्हणाला. "ओलीचे पाच, बारदानाचे दोन, धर्मादायाचा एक."

"मानसाचा कडता?"

"मी मापारी मानूस. काट्यावर बसला तो माल." जानरावाने खुशालरावांच्या घामेजल्या पाठीकडे बोट दाखवलं. "अन् ओल तं तुमाले दिसूनच राहिली."

"मागच्या डावबी कापला होता काय?" खुशालरावांनी कसंबसं विचारलं.

"सगळ्याईचाच कापतो. धर्म हाय तो."

म्हणजे तेव्हा एक शेरही गेला नव्हता. सव्वादोन मणांचा धडधाकट माणूस पाच महिने मरत होता. खुशालराव पारड्यातच हसायला लागले, मग एकाएकी थांबले. "पण नासिर, आता पंधरा शेर तं खरंच गेले ना? ते कुठी गेले?"

"माह्यासंगं चालला तू पाच महिने. रस्त्यात सांडले असतीन," नासिर म्हणाला. "पायजे असतीन तं उद्या रेंगीत बस, येतीन वापस."

खुशालरावांना ते पंधरा शेर परत नको होते. एवढी हलकी, एवढी लांब सावलीची संध्याकाळ त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. आपण जगणार, ही गोष्ट त्यांनी वाटेत भेटेल त्याला सांगितली, कोणी विचारलं नसतानाही. नासिरला त्याच्या दाराशी सोडून ते जवळजवळ पळतच घरी आले. जमुनाबाईंना कधी एकदा सांगतो असं त्यांना झालं होतं.

दारात एक अनोळखी गाडी उभी होती. अकोल्याचे किसनराव उतरत होते. जमुनाबाईंच्या चुलत बहिणीचे, सुभद्रेचे, ते यजमान. खुशालराव आता चार दिवसांचे सोबती, ही बातमी अकोल्याला पोचली म्हणून शेवटचं भेटायला आले होते. खुशालरावांना त्यांनी एकदाच पाहिलं होतं, आपल्याच लग्नात, लोडाला टेकलेलं. समोरचा धुळीने माखलेला, उन्हाने काळवंडलेला, सडसडीत माणूस पाहून त्यांनी कासरा त्याच्या हातात दिला.

"बैलाईले पानी दाखव रे. मालक बोलते का अजून?"

"बोलते," खुशालराव म्हणाले.

"अरेरे. हाल होऊन राहिले असतीन," म्हणत किसनराव डोळे पुसत आत गेले.

खुशालरावांनी बैल सोडले, विहिरीतून चार बादल्या ओढल्या आणि तोंड धुऊन आत येऊ लागले, तोच ओसरीवरून किसनरावांचा आवाज आला. ते जमुनाबाईंना हळूच सांगत होते, "बाई, गडी मोठा चपळ ठेवला तुमी. भाऊ गेल्यावर याले सोडू नोका."

जमुनाबाईंनी दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"पाहू," त्या म्हणाल्या. "कामाचा बरा हाय, पण बोलते लय."