भाऊजींचा अभिप्राय

वाईन चाखायला जीभ लागत नाही, चेहरा लागतो, असा भाऊजींचा सिद्धान्त होता. मेहुण्याच्या वाईनरीकडे जाताना गाडीत त्यांनी तो बायकोला सविस्तर समजावून सांगितला. पेला उजेडाकडे धरायचा, भुवया जवळ आणायच्या आणि घोट गिळायच्या आधी जरा वेळ छताकडे पाहायचं. बाकी सगळं थोतांड.

"तुम्ही आजवर कधी वाईन घेतली आहे का?" ताईंनी विचारलं.

"साहेबांच्या निरोपसमारंभाला."

"ते द्राक्षाचं सरबत होतं."

भाऊजी खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांचं कुठलंही बोलणं घरात साधारण याच जागी संपत असे.

ऑफिसात मात्र त्यांच्या शब्दाला वजन होतं. विमा कंपनीच्या दावे विभागात त्यांचा हयातभराचा एकच नियम होता. आलेला दावा पहिल्या फेरीत परत पाठवायचा. खरा असेल तर माणूस पुन्हा येतो, खोटा असेल तर घरी बसतो. या नियमाने कंपनीचं किती भलं झालं ते कंपनी जाणे, पण भाऊजींना एक शोध लागला. कुठलीही गोष्ट आधी नाकारली, की समोरच्याला वाटतं, यांना यातलं कळतं.

सासरी हा शोध चालत नसे. तिथे पाट पहिला, ताट पहिलं, पण सल्ला शेवटचा. मेहुण्याने चांगली नोकरी सोडून द्राक्षांच्या मागे लागू नये, असं त्यांनी बजावलं होतं. तो लागला. शेडचं तोंड पश्चिमेला नको, असं त्यांनी सांगितलं होतं. ते पश्चिमेलाच झालं. तांब्याची भट्टी घेऊ नकोस म्हणाले, तर तो दुसऱ्याच आठवड्यात ती घेऊन आला आणि वर तिचा फोटो पाठवला.

मेहुण्याला घरात छोटू म्हणत. छोटू सहा फुटी होता आणि डोक्यावर केस उरले नव्हते. तो फाटकातच उभा होता, रात्रभर झोपला नसावा असा.

"भाऊजी, बरं झालं आज आलात. चार वाजता हॉटेलचा माणूस येतोय. त्याला आवडली तर दरवर्षी माल घेणार. नाही आवडली तर शेडला कुलूप लावून मी पुन्हा कुणाची तरी नोकरी बघतो."

"मी तुला तेव्हाच सांगितलं होतं," भाऊजी म्हणाले.

छोटूने सगळं फिरवून दाखवलं. ओळीने उभ्या स्टीलच्या टाक्या, लाकडी पिंपं, आणि टोकाला ती भट्टी, पोट सुटलेल्या मामलेदारासारखी ऐसपैस बसलेली.

"वाईन जमली नाही, की ती या भट्टीत घालायची. खालून जाळ. वाफ वर जाते, नळीत थंड होते, थेंब थेंब खाली येते. झाली ब्रँडी. आमच्याकडे वाया काही जात नाही."

"आणि जमली की नाही, हे ठरवतं कोण?"

"मीच. पण भाऊजी, चाखून चाखून माझी जीभ मेली आहे. बायको विचारलं की छान म्हणते, तिने भेंडीलाही छानच म्हटलं असतं. तुम्ही सांगा. बाहेरचा माणूस हवा."

कोपऱ्यातल्या पिंपातून त्याने काचेचा एक जग भरून लाल वाईन काढली. तीन वर्षं जपलेलं ते एकच पिंप हॉटेलवाल्यासाठी राखलेलं होतं. भाऊजींनी पेला उजेडाकडे धरला. भुवया जवळ आणल्या. घोट घेऊन छताकडे पाहिलं. वाईन खरं म्हणजे फारच सुरेख लागत होती. इतकी, की ती लगेच गिळून दुसरा घोट घ्यावा असं त्यांना वाटलं. पण सासरच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसलं होतं. नुसतं "छान" म्हणून हा मान संपवायचा? ते तर छोटूच्या बायकोलाही जमतं.

"गडबड आहे," भाऊजी म्हणाले.

"कसली?"

"मागून येते. आधी कळत नाही."

"मला तर बरी लागली," ताई म्हणाल्या.

"तुला मागून येतं ते कळणार नाही."

छोटूचा चेहरा मीठ कमी पडलेल्या आमटीसारखा झाला. तो पिंपाकडे पाहत राहिला. आता हा वाद घालेल, मग आपण जरा ताणून धरू आणि शेवटी मोठ्या मनाने मान्य करू, असा भाऊजींचा बेत होता. पण छोटूच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, जेवायला हाक मारली आणि छोटू "तुम्ही बसा, मी आलोच" म्हणून मागे राहिला.

तो आला तेव्हा भाऊजींचा दुसरा भात चालू होता.

"झालं," छोटू म्हणाला. "पिंप रिकामं केलं. भट्टी पेटवली."

भाऊजींचा घास हातात राहिला. "कुठलं पिंप?"

"तेच. तुमच्यामुळे अब्रू वाचली, भाऊजी. हॉटेलवाल्यासमोर तोंडघशी पडलो असतो."

"अरे, पण... जाळ बंद कर. काढून घे परत."

"उकळी फुटली आता. ती परत वाईन कशी होईल?"

"मी फक्त गडबड आहे म्हटलं. भट्टीत घाल असं म्हटलं का?"

"तुम्ही माझं मन राखत होतात, ते मला कळलं."

भाऊजींच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाने नोकरीचं ऐकलं नाही, शेडचं ऐकलं नाही, भट्टीचं ऐकलं नाही. आयुष्यात एकदा ऐकलं, ते नेमकं हे! आणि तेसुद्धा ताबडतोब, भात संपायच्या आत. दोनदा विचारायची काही पद्धत असते की नाही? ऑफिसात भिकारातला भिकार दावेदारसुद्धा निदान एकदा भांडायला येतो.

"निदान भांडायचं तरी होतंस," ते ओरडले.

"तुमच्याशी?" छोटू म्हणाला. वहिनींनी त्यांना ताक वाढलं.

चारला हॉटेलवाला आला. इस्त्रीचा सदरा, खिशात रुमाल. काचेच्या जगमध्ये सकाळची थोडी वाईन उरली होती, ती त्याने मागून घेतली. घोट घेतला आणि डोळे मिटले.

"वा. ही किती आहे?"

"संपली," छोटू म्हणाला. "भट्टीत घातली. आमच्या भाऊजींना त्यात गडबड वाटली."

हॉटेलवाल्याने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी घाबरले की कपाळाला आठ्या घालत. त्या आठ्या पाहून हॉटेलवाल्याने पेला पुन्हा नाकाशी नेला.

"हो," तो सावकाश म्हणाला. "आता तुम्ही म्हणता तर... मागून काहीतरी येतंय खरं."

"नाही हो," भाऊजी कळवळून म्हणाले, "काही येत नाही."

"सभ्य माणसं अशीच बोलतात. दुसरी काय दाखवता?"

दाखवण्याजोगी दुसरी काहीच नव्हती. छोटू हात चोळत उभा राहिला. भाऊजींना आता कसंही करून काहीतरी विकायचं होतं. समोर दिसेल त्या टाकीचा नळ त्यांनी स्वतः सोडला, पेला भरून हॉटेलवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "ही बघा. ही उत्तम आहे. मी सांगतो."

हॉटेलवाल्याने घोट घेतला. त्याचा एक डोळा आपोआप मिटला, कानशिलं लाल झाली.

"आंबट आहे," तो म्हणाला.

"मुद्दाम," भाऊजी म्हणाले.

"हं." त्याने आणखी एक घोट घेतला, भाऊजींच्या आठ्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली. "धाडसी आहे. सगळी टाकी द्या."

तो शेडबाहेर फोन करायला गेला तसा छोटू भाऊजींच्या कानाशी आला.

"भाऊजी, ती आज भट्टीत जायची होती. आंबून तिचं व्हिनेगर झालंय. आज जाळाची सगळी तयारी तिच्यासाठीच होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही उत्तम म्हणालात ना."

निघताना छोटूने त्या उत्तम वाईनचं एक खोकं गाडीत ठेवलं. हॉटेलवाल्याच्या देखत ठेवल्यामुळे भाऊजींना नको म्हणता आलं नाही. घरी ताईंनी रोज जेवणाबरोबर एक पेला पुढे करायला सुरुवात केली. "माझ्या भावाने प्रेमाने दिली आहे," एवढंच त्या म्हणायच्या.

दोनेक महिन्यांनी छोटूचा फोन आला. त्याचा आवाज आनंदाने फाटला होता. हॉटेलातल्या लोकांना वाईन भलतीच आवडली, टाकी रिकामी झाली, यंदा तिप्पट मागणी आहे.

"पण भाऊजी, माझी पंचाईत झाली आहे. ती टाकी आपसूक बिघडली होती. आता मुद्दाम तशीच करायची आहे. कशी बिघडवू, तेवढं सांगा."

भाऊजींच्या पोटात जळजळत होतं. त्यांनी पेला बाजूला सारला आणि जन्मात पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत सांगितलं, "मला वाईनमधलं काहीही कळत नाही. कधी कळत नव्हतं. त्या दिवशी मी जे बोललो ते सगळं खोटं होतं."

पलीकडे छोटू रिसीव्हरवर हात ठेवून वहिनींशी बोलला, पण ते ऐकू येत होतं.

"सांगत नाहीत गं. बरोबर आहे, एवढी विद्या कोण अशी फोनवर देईल? येत्या रविवारी आपणच जाऊन बसू त्यांच्याकडे."