सशाच्या पिल्लांचा रोजा

मुनवर एकाच पायात चप्पल घालून घरी आला, तेव्हा पोटाशी धरलेल्या टॉवेलात काहीतरी वळवळत होतं.

“अम्मी, बघ तर काय गावलं!” त्यानं टॉवेल उघडला. आत सशाची तीन पिल्लं, मूठ-मूठभर, कान मागं टाकून गप पडलेली. “टरबूज तोडताना वेलाखाली सापडली. आईनं टाकून दिली बघ, एवढ्या उन्हात एकटीच पडली हुती. रोज्याच्या दिवशी सवाबाचं, पुण्याचं काम झालं.”

मुनवर माणूस लाख मोलाचा, पण चांगुलपणाचा झटका आला की त्याला दम निघत नसे. मागं एकदा बांधावर झोपलेल्या पाव्हण्याला चक्कर आली समजून त्यानं त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं होतं. पाव्हणा पुन्हा लोहारा गावाकडं फिरकला नाही.

“अन् दुसरी चप्पल कुठंय?” त्याच्या आईनं, हमिदाबीनं विचारलं.

“धनाजीच्या कुत्र्यानं नेली असंल. दुसरं कोण नेतंय?”

एवढ्यात बोलणं ऐकून शेजारच्या गजराबाई वाटीभर शेळीचं दूध आणि कापसाचा बोळा घेऊन धावत आल्या. हमिदाबीचा जीव आधीच कासावीस झाला होता. “हाय अल्ला, सकाळपासून उपाशी असतील लेकरं! पाजा लवकर.”

“थांबा! कुणी काही पाजू नका,” मुनवरची बायको निखत आतून ओरडली. तिनं वनखात्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा समोर धरला.

“पिल्लांना जखम हाय का?” पलीकडच्या माणसानं विचारलं.

“न्हाय जी. चांगली टवटवीत हायत,” निखत म्हणाली.

“मग उचलली कशाला? सशीण दिवसभर पिल्लांजवळ बसत नसती. बसली तर कोल्ह्या-कुत्र्याला जागा कळती. ती लांब राहती अन् सांज झाली की येऊन पाजती. दूध देऊ नका, मरतील. जिथनं उचलली तिथंच ठेवा, अन् लांब व्हा.”

“पण साहेब, माझा हात लागला की! आता आई घेतंय का जवळ?” मुनवरचा आवाज रडवेला झाला.

“घेती. हाताचं काय न्हाय. जागा तेवढी तीच पायजे.”

मुनवर मटकन खाली बसला. “रोजा धरून आई-लेकराची ताटातूट केली म्या! अम्मी, आज ती आली अन् पिल्लं सापडली न्हाईत, तर माझा रोजा काय कामाचा?”

“आता रडू नको, ऊठ!” हमिदाबी म्हणाली. “तिच्याआधी पोच तिथं.”

मुनवर टॉवेल घेऊन पळाला. पण रानात गेल्यावर त्याचं डोकंच चालेना. जिकडं बघावं तिकडं तेच वेल, तीच पानं. ह्या सरीला की त्या सरीला? पिल्लं पोटाशी धरून तो शेतभर गरगर फिरू लागला.

तेवढ्यात धनाजी कुत्र्यासकट बांधावर उगवला. गजराबाईंनी त्याच्या कानावर सगळं घातलं होतं. “माझ्या कुत्र्यावर आळ घेतलास व्हय रं? दाव तुझी चप्पल कुठं गेली ती!” असं म्हणत त्यानं स्वतःच वेल उचलून बघायला सुरुवात केली, आणि चौथ्या सरीत आरोळी ठोकली. “ही काय तुझी चप्पल! वेलात अडकलीय!”

चप्पल अडकली होती आणि तिच्याजवळच दबलेल्या गवताची वाटीएवढी जागा होती. मुनवरनं चप्पल पायात घालायच्या आधी धनाजीला मिठी मारली. “माफ कर भावा. तुझं कुत्रं लई गुणाचं हाय. पण त्याला आधी घरी बांधून ये!”

पिल्लं जागेवर ठेवली. पण धनाजीची आरोळी गावानं ऐकली होती. तो कुत्रं बांधून परत आला, तोवर अर्धी गल्ली बांधावर जमली. शांतलिंग तर बसायला पोतं घेऊन आला होता. सूर्य कलायला लागला.

मुनवरनं हात जोडले. “बाबांनो, जावा की आता.”

“आई आली की जाऊ,” शांतलिंग म्हणाला.

“अरे, तुमी गेल्याबगर ती येत न्हाय!”

“मग आमी बघायचं कसं?”

उजेड कमी होत होता, आणि माणसं काही हलायला तयार नव्हती. इतक्यात बांधाच्या टोकाला हमिदाबी दिसली. तिनं पदर खोचला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “आज सगळ्यांची इफ्तारी आमच्या घरी! कांदाभजी तळायला घेतलीत. उशिरा येणाराला मिळायची न्हाईत!”

बांध बघता बघता मोकळा झाला. शांतलिंगचं पोतं तेवढं मागं राहिलं.

आवाज नको म्हणून मुनवरनं चपला तिथंच काढल्या आणि लांबच्या लिंबाआड जाऊन बसला. अजान झाली. सगळं रान गप होतं. कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मग पलीकडच्या सरीतून दोन लांब कान वर आले. सशीण थांबली, हुंगली, पुन्हा थांबली आणि सरळ पिल्लांवर जाऊन उभी राहिली. तिन्ही पिल्लं तिच्या पोटाखाली शिरली. मुनवरनं तोंडावर हात दाबून घेतला, कारण त्याला रडूच आलं होतं.

सशीण निघून गेल्यावर तो घरी पोचला. अंगणात भज्यांची परात चाटूनपुसून रिकामी झाली होती.

“आली का?” सगळे एकदम ओरडले.

“आली! तिघंबी पोटभर प्याली!”

हमिदाबीनं हात वर करून शुक्र मानला. गजराबाईंनी डोळे पुसले. निखत पाण्याचा ग्लास घेऊन पुढं आली. “अन् तुमी रोजा कशानं सोडला?”

मुनवर दचकला. निघताना तिनं दिलेला खजूर खिशात तसाच होता. “माझा ऱ्हायलाच की गं! पिल्लांचा सुटला, त्यातच सगळं ध्यान गेलं.”

धनाजीनं तोंडाशी नेलेलं शेवटचं भजं गुपचूप परातीत परत ठेवलं. मग त्याची नजर मुनवरच्या पायांकडं गेली. दोन्ही पाय अनवाणी होते.

“हे बघ मुनवर,” तो घाईघाईनं म्हणाला, “माझं कुत्रं सांजपासनं बांधलेलं हाय!”