आईचा फोल्डर शेजारी गेला

आमच्या गावात कॉम्प्युटरवरून डिलीट झालेल्या फाइल्स शेजारच्या घरी जातात. त्यामुळे मन्मथ स्वामीने जागा करताना चुकून दिवंगत आईच्या फोटोंचा फोल्डर उडवला, तेव्हा तो फारसा घाबरला नाही. बायकोला, गिरिजाला सांगून तो शेजारी वैजनाथ शेट्यांकडे गेला.

"आल्यात की," शेटे म्हणाले. "दुपारीच आल्या. पण बसा आधी."

त्यांनी कॉम्प्युटर लावला. पहिल्या फोटोत आई औशाच्या किल्ल्यासमोर उभी होती. तिच्या शेजारी, तिची पिशवी धरून, शेट्यांचे वडील, अण्णा, उभे होते. स्वामी मंडळी शेजारी राहायला येण्याआधीच अण्णा गेले होते आणि हयातीत दोघांची ओळखही नव्हती.

शेटे खाकरले. "दुसरीकडं जागाच नव्हती. अण्णांच्याच फोल्डरमध्ये उतरल्या."

"वेगळं काढता येईल का?"

"बघा तुम्हीच. मी मध्ये बोलणं बरं दिसत नाही."

मन्मथने हलक्या आवाजात, "आई, चल घरी," म्हणून तिचा फोटो ओढून बाजूला घ्यायला सुरुवात केली. फोटोत आईने मान फिरवली. रागावली की ती अशीच मान फिरवायची. पडद्यावर सूचना आली : दोघांची संमती आवश्यक आहे.

उशीर का होतोय म्हणून गिरिजा कणकेच्या हातांनी तशीच आली. तिने एकेक फोटो नीट पाहिला.

"सासूबाईंचे दात मी पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली.

मन्मथ आठ वर्षांचा असताना वडील गेले, आणि त्यानंतरच्या एकाही फोटोत आई हसलेली नव्हती. शेजारच्या घरात एका दुपारीत हे कसं झालं, याचं त्याला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. त्याने पुढचा फोटो उघडला. दोघं पाठमोरी, किल्ल्याच्या दरवाज्यातून आत चालली होती.

"राहू दे," तो म्हणाला. "पण आम्ही भेटायला येत जाऊ."

"घर तुमचंच आहे," शेटे म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आता आपण एकमेकांना काय म्हणायचं?"

वयं पाहिली. शेटे मोठे निघाले. मन्मथने त्यांना दादा म्हणायचं ठरलं.

घरी आल्यावर गिरिजाने हात धुतले आणि ती म्हणाली, "अप्पांना सांगायला हवं."

वडिलांचा एकच फोटो कॉम्प्युटरवर होता. त्यात अप्पा तिशीचे होते. मन्मथ पन्नाशी ओलांडलेला.

"मी कसं सांगू?"

"तुम्ही वयानं मोठे आहात, तुम्हीच सांगा."

मन्मथने फोटो उघडला, खुर्ची जवळ ओढली आणि लहान भावाला समजवावं तसं, सावकाश सगळं सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं. ती जेवते ना वेळेवर, एवढंच त्यांनी विचारलं.