रश्मीचं लोह, गावाची सरासरी

"हिला लोह काढायच्या गोळ्या देता येणार नाहीत," नगरच्या सरकारी दवाखान्यातल्या औषधखिडकीतले सुहास भाऊसाहेब म्हणाले, "कारण ही लोहाच्या गोळ्या खाते."

माधुरीला वाटलं, ऊन लागलं. तिला नव्हे, भाऊसाहेबांना.

"कोन खातंय?"

"रश्मी प्रवीण, वय चौदा, पारनेर तालुका. तुमच्याच गावच्या आशाताईनं भरलंय. चार महिन्यांत सोळा गोळ्या, दर सोमवारी एक. हे बघा, लाल खूण. एका हातानं लोह घालायचं आणि दुसऱ्या हातानं काढायचं, हे नियमात बसत नाही."

"अवो, तिनं एक गोळी खाल्ली न्हाई. तिला ती चालतच न्हाई!"

"संगणक म्हणतो खाल्ली."

"मंग त्या गोळ्या संगणकानं खाल्ल्या आसतील," रश्मी आईच्या शेजारून म्हणाली. "मी खाल्ल्या आसत्या, तर तुमच्या खिडकीचा गज मला चिकटला आसता, काका."

भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांच्यामागे कपाटात लोह काढायच्या गोळ्यांची खोकी रचून ठेवलेली माधुरीला उघड्या डोळ्यांनी दिसत होती. हातभर अंतर. मध्ये एक लाल खूण.

रश्मी सहा महिन्यांची असल्यापासून तिच्या अंगात रक्त टिकत नव्हतं. दर तीन आठवड्यांनी नगरला यायचं, रक्ताची पिशवी चढवायची, परत जायचं. पण प्रत्येक पिशवीबरोबर लोह येतं, आणि आलेलं लोह बाहेर टाकायची वाट देवानं माणसाच्या अंगात ठेवलेलीच नाही. ते साठतं. यकृतावर साठतं, हृदयावर साठतं. निरोगी पोरीच्या अंगात साठ्याचा आकडा शंभराच्या आत-बाहेर असतो, रश्मीचा चार हजार दोनशे होता. डॉक्टर दमयंतीबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "रक्त चुकवायचं नाही, आणि ही लोह काढायची गोळीही चुकवायची नाही. हृदय थांबताना आगाऊ नोटीस देत नाही." आणि घरातल्या डब्यात पाच दिवस पुरतील एवढ्याच गोळ्या उरल्या होत्या.

"गोळी खाल्ली नाही असं आशाताईचं पत्र आणा, सरपंचाच्या शिक्क्यानं," भाऊसाहेब म्हणाले. "लगेच देतो. माझं काय जातंय?"

त्यांचं काहीच जात नव्हतं, तीच तर बोंब होती.

एसटीतून उतरली ती माधुरी थेट लंकाबाईच्या दारात. लंकाबाई म्हणजे गावची आशाताई. बिचारी तांदूळ निवडत बसली होती.

"लंकाक्का, माझ्या पोरीला कोन्त्या सोमवारी गोळी दिली गं तू?"

लंकाबाईचा हात सुपातच राहिला. "दिली कुठं? टिक मारली. सगळ्याच पोरींच्या म्होरं मारली. चौसष्टच्या चौसष्ट."

"मंग बाकीच्यांनी तरी खाल्ल्या का?"

"काय खातील? वरून गोळ्या आल्याच न्हाईत बाई. निस्ता रकाना आला. रकाना मोकळा ठिवला तर मलाच नोटीस येती."

"मंग तसं लिहून दे."

"आन् शिक्का? त्यो बजरंग देतुय व्हय? त्यानं गाव स्पर्धेत घातलंय."

स्पर्धेचं नाव होतं 'रक्तसंपन्न गाव'. सरपंच बजरंगनं चावडीवर फलक लावला होता, फलकावर स्वतःचा फोटो होता, आणि फोटोत त्याच्या गालावरची लाली बघून कुणालाही वाटावं की गावातलं सगळं रक्त एकाच ठिकाणी गोळा झालंय.

"वहिनी," बजरंग म्हणाला, "आपलं गाव शंभर टक्क्यांवर हाय. हिवरे बाजारचं नाव पान्यात झालं, आपलं रक्तात व्हनार! आता मधीच एका पोरीनं गोळी खाल्ली न्हाई म्हनून लिहून दिलं, तर चौकशी लागंल. गावाची अब्रू जाईल."

"आन् पोरगी गेली तर?"

"आसं अभद्र बोलू नका. मार्ग काढू ना. खाल्ली न्हाई आसं नको लिहायला, खाऊन झाली आसं लिहू." आणि त्यानं स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहूनही दिलं: सदर मुलीनं लोहाच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला असून गोळ्या बंद केल्या आहेत व तिचा रक्तक्षय पूर्णपणे बरा झालेला आहे. खाली शिक्का. शिक्का मात्र ठळक.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नगर. भाऊसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला. "वा, अभिनंदन! रक्तक्षय बरा झाला! म्हणजे आता रक्त चढवायच्या यादीतून हिचं नाव कमी करावं लागेल."

माधुरीनं खिडकीतून हात घालून पत्र असं ओढलं, की भाऊसाहेबांच्या हातात नुसता कोपरा राहिला. म्हणजे काल फक्त गोळी बंद होती, आज रक्तही बंद व्हायला आलं होतं. आणखी एक दिवस ही मदत चालली असती, तर बजरंगनं पोरीचा मृत्यूचा दाखलाही सुवाच्य अक्षरात काढून दिला असता.

परतीच्या एसटीत तिनं काय करायचं ते ठरवलं. आणि सकाळी ते केलं.

बुद्धविहारासमोरची पिठाची गिरणी माधुरीची. गावात तेवढी एकच. सकाळपासून डबे रांगेत लागले. माधुरीनं गिरणी चालूच केली नाही. वही उघडली, प्रत्येक डब्यापुढं टिक मारली आणि डबा जसाच्या तसा मालकाच्या हातात दिला.

रंगुबाई म्हातारीनं घरी जाऊन परातीत डबा उपडा केला, तर बाजरी टणाटणा उडाली. ती तशीच काठी टेकत परत आली.

"आगं माधुरी, ही तर बाजरीच हाय!"

"पीठ हाय ते, मावशी. वहीत बघा, टिक हाय."

"मला काय आंधळी समजतीस का गं?"

"मी न्हाई समजत. वही खोटं बोलती व्हय? आपल्या गावात वहीत लिहिलंय म्हंजी झालंय. लोहाच्या गोळ्या नाय का पोरींनी खाल्ल्या? तसंच दळून झालंय. जावा, थापा भाकरी."

दुपारपर्यंत सत्तावीस घरची दळणं वहीत दळून झाली. गावाला कळायचं ते कळलं. एरवी ग्रामसभेला दहा माणसं जमवायला दवंडी द्यावी लागायची, आज चावडीपुढं बायकांनी धान्याचे डबे वाजवत बजरंगला बाहेर काढलं. त्यात बजरंगची आईही होती, बायडाबाई. तिच्या डब्यात गहू होता.

"मुडद्या," बायडाबाई म्हणाली, "तुझ्या कागदाचं कालवन करू का आज? दे त्या पोरीला शिक्का!"

बजरंगनं शिक्का दिला. लंकाबाईनं पत्र लिहिलं, आणि एकदा लिहायला बसली तेव्हा तिच्या हाताला चार महिन्यांचा राग आला. रश्मीचंच नव्हे, चौसष्टही पोरींचं लिहिलं: गोळी आली नाही, गोळी दिली नाही, टिक मारली. लंकाबाई.

त्या पत्रावर भाऊसाहेबांनी गोळ्या दिल्या. घरच्या डब्यात तेव्हा एका दिवसाची उरली होती.

पण खरं पत्र सरकारी कचेरीत पोचलं म्हणजे विंचू गादीत शिरल्यासारखं होतं. चौकशी लागली. पंधरा दिवसांत जिल्ह्याहून पथक आलं, त्यांनी शाळेत बाकं मांडली आणि चौसष्ट पोरींचं रक्त काढून नेलं. अंगात लोहाचा साठा किती, ते मोजायला. बजरंग आठवडाभर घराबाहेर पडला नाही. फलकावरच्या फोटोलासुद्धा फिकटपणा आल्यासारखा वाटायला लागला.

निकाल आला. त्रेसष्ट पोरींच्या अंगात लोहाचा नुसता खडखडाट. कुणाचा साठा बारा, कुणाचा सोळा. शाळेत प्रार्थनेला उभ्या राहिल्या की चार जणींना भोवळ का येते, याचा उलगडा झाला. पण स्पर्धेलाही हेच आकडे धरले, आणि तिचा निकाल कुणा एका पोरीवर नव्हता, तो सरासरीवर होता. आणि चौसष्टावी होती रश्मी. चार हजार दोनशे. सगळं मिळवून चौसष्टनं भागलं. गावाची सरासरी आली एकोणऐंशी. शेरा: उत्तम. लोहाच्या गोळ्यांची आवश्यकता नाही.

म्हणजे जे लोह एका पोरीचा जीव घ्यायला बसलं होतं, ते कागदावर त्रेसष्ट पोरींना वाटून सरकार मोकळं झालं. ज्या पोरीला लोह नको तिच्या नावावर गोळ्या चढवल्या, आणि ज्यांना हव्यात त्यांच्या गोळ्या तिच्याच नावावर बंद केल्या. माधुरीनं तो कागद चावडीवर वाचला आणि तिला शिवी सुचेना. शिव्यांचा एवढा तुटवडा तिला आयुष्यात पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी बजरंग दारात. हातात पेढ्यांचा पुडा.

"वहिनी, गाव जिल्ह्यात दुसरं आलं."

"ठिवा तिकडं. आन् त्या त्रेसष्ट पोरींच्या गोळ्यांचं काय?"

"मागवू की. बक्षीस झालं की मागवू." तो उंबऱ्यावर टेकला. आवाज खाली आला. "एक बारीक अडचन हाय. राज्याचं पथक येनार हाय. दोन महिन्यांनी. परत रक्त घेनार. आन् त्या गोळ्यांनी रश्मीचं लोह खाली उतरनार, आसं डॉक्टरीनबाई म्हनत्यात..."

"मंग?"

"न्हाई म्हंजी, तेवढं दोन महिने... गोळ्या जरा थांबवल्या तर? गावासाठी."

माधुरीनं पेढ्यांचा पुडा उचलला. तो ठेवायला नव्हे. पण तेवढ्यात रश्मी आतून आली. तिच्या एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गोळीची पट्टी. ही गोळी अनशापोटी, पाण्यात विरघळवून घ्यायची असते. खडूसारखी लागते. रश्मी बजरंगच्या समोर पाटावर बसली, दोन गोळ्या पेल्यात टाकल्या, सावकाश ढवळल्या. पाणी पांढरं झालं. तिनं ते त्याच्याकडं बघत बघत एका दमात पिऊन टाकलं, पेल्यात थोडं पाणी घालून तळाशी राहिलेला गाळही प्याली आणि तोंड वाकडं करून ओठ पुसले.

"मोजा, काका," ती म्हणाली, "आता गावाचं किती उतरलं."

आणि बजरंगनं खरंच भागाकार करायला खिशातून मोबाईल काढला.