ज्योतीरामची कीर्तन ऐकणारी मेथी

"बुवा, सप्ताहात तुमचं पान आमच्याकडे! आणि मेथी बाजारची नाही, माझ्या हातची!" ज्योतीरामने देवळात भर मंडळींत जाहीर करून टाकलं.

चाकणच्या कंपनीत तो तपासणी खात्यात. सुटा भाग केसभर चुकला की लाल स्टिकर! अशा माणसाला मेथी काय जड? स्वयंपाकघरातल्या डब्यातून मूठभर दाणे घेतले, निगडीच्या गच्चीवरच्या कुंडीत पेरले आणि शेजारी मोबाईलवर बुवांचं कीर्तन लावलं.

"ज्ञानाच्या विस्तवावर वासनेचं बी भाजलं, की ते पुन्हा उगवत नाही!" बुवा रोज सांगायचे.

"वा बुवा!" म्हणत ज्योतीराम रोज पाणी घालायचा.

पंधरा दिवस झाले, कुंडी समाधीतच! तो पट्टी लावून मोजायचा. शून्य.

"वर्षाली, दाणे जुने होते का गं?"

"कुठले घेतलेत?"

"तुझ्या पितळी डब्यातले. काय खमंग वास होता!"

बायकोने ओठ चावला आणि कणीक तिंबायला घेतली.

सप्ताहात बुवा जेवायला यायचे, त्या सकाळी मात्र चमत्कार! वीतभर हिरवीगार मेथी!

शेजारचे लक्ष्मणराव धावत आले. "काल तर काहीच नव्हतं राव! असं कसं?"

"श्रवणभक्ती!" ज्योतीराम म्हणाला. त्याने कुंडीवर हिरवं 'तपासणी पूर्ण' स्टिकर चिकटवलं. अख्खी इमारत गच्चीवर जमली. लक्ष्मणरावांनी तर आपला पालकही श्रवणाला आणून ठेवला!

दुपारी बुवा आले. मूळचे शेतकरी. "एका दिवसात वीतभर? मुळं तरी बघू दे, माउली!"

"उपटा की बुवा!"

बुवांनी एक काडी ओढली. सगळी मेथी एकदम वर आली. कमरेला सुतळी बांधलेली!



"सुतळी कधी पेरलीस रे?" बुवांनी विचारलं.

वर्षाली पदर सावरत पुढे आली. "लाडवांसाठी भाजलेले दाणे पेरलेत हो यांनी! इतक्या श्रद्धेनं पाणी घालत होते, सांगायचा धीरच होईना. तुमच्यापुढं खाली बघायला लागू नये, म्हणून मीच पहाटे जुडी रोवली."

बुवा खांद्यावरचं उपरणं गळून पडेपर्यंत हसले. भाजी मात्र दोनदा मागून घेतली.

संध्याकाळच्या कीर्तनात बुवा नेमक्या त्या दृष्टांतावर आले. "भाजलेलं बी उगवत नाही, मंडळी! नाव घेत नाही, पण आपल्यातल्या एका भक्ताने याची तपासणीसुद्धा पूर्ण केली आहे!"

सगळा मांडव ज्योतीरामकडे वळला.

ज्योतीरामनेही मग मागे वळून पाहिलं. मागे खांब होता.