काकूंचा नेम

चऱ्होलीत आम्ही ज्यांच्या खोलीत भाड्याने राहतो, त्या चंद्राकाकूंसमोर हसायला बंदी होती. कुणी विनोद केला की त्या पदर तोंडात कोंबायच्या, गुडघे आवळायच्या आणि खेकसायच्या, "गप बसा. माझा नेम हाय."

नेम तरी किती सांगू? खाली मांडी घालायची न्हाई, हंडा उचलायचा न्हाई, गावाबाहेर जायचं न्हाई. सगळ्यांत कडक नेम एकटीनं निजायचा. त्यामुळे तात्या, म्हणजे त्यांचे यजमान, कित्येक वर्षं पडवीत. गल्लीतल्या बाया काकूंच्या पाया पडायच्या. मीही पडलेय, खोटं कशाला बोलू.

एकदा काकूंना जोरात शिंक आली आणि धुण्याच्या दगडाला धरून त्या मटकन बसल्या. मी धावले. "कुठं बोललीस तर खोली खाली करायला लावीन," असा आधी दम दिला, मग हळूच म्हणाल्या, "अंग बाहेर येतंय गं. धाकट्याच्या बाळंतपणापासनं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. देवाला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊकच नव्हतं.

तात्यांना 'पोटात गाठ आहे' एवढंच सांगून मी काकूंना आकुर्डीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, खाली उतरलेलं गर्भाशय ऑपरेशन करून वर बांधू, आधाराला जाळी लावू. जाळी जनावराच्या कातडीपासून केलेली, हळूहळू अंगातच मिसळून जाते.

"कंच्या जनावराच्या?"

"डुकराच्या."

मी काकूंच्या गळ्यातल्या तुळशीमाळेकडे बघत राहिले.

"माळ गळ्यात हाय," काकू म्हणाल्या. "तिला खालचं काय दिसतंय? लावा."

ऑपरेशन झालं, सांगितलेली विश्रांती झाली. शेवटच्या तपासणीला बाई म्हणाल्या, "आता बिनघोर संसार करा." काकू चक्क लाजल्या. मग त्यांनी नेमाचं उद्यापन केलं. अख्खी गल्ली पुरणपोळी जेवली आणि काकू पंगतीत मांडी घालून खदाखदा हसल्या.

संध्याकाळी त्यांची भांडी परत द्यायला गेले, तर काकू आतल्या खोलीत पलंगावर बसलेल्या. नवी चादर घातलेली, उशा दोन.

"ह्यांना म्हनलं, नेम सुटला, आत या निजायला. तर म्हनले, आता पडवीचीच सवय झालीया."

"काकू, खरं काय ते सांगून टाका ना त्यांना."

"सांगीन की. पर रोज त्यांचं अंथरूण भाईर टाकताना मला वाटायचं, आज तरी हे भांडतील. म्हनतील, खड्ड्यात गेला तुझा नेम." काकूंनी डोळे पुसले. "एकदा बी म्हनले न्हाईत गं."