आवाजावर चालणारी जीप

यंत्राने माणसाचा शब्द झेलावा, हे विज्ञानाचे अंतिम ध्येय आहे. परदेशात त्यासाठी म्हणे मोठमोठे इंजिनिअर खपत होते. अकोले तालुक्यात ते ध्येय १९९४ साली गाठले गेले, म्हणजे सूर्यभानच्या लेकीचे, सीमाचे लग्न झाले त्या वर्षी.

सूर्यभानची जीप राजूरच्या बाजाराला माणसे नेई. लग्नात तिचा हॉर्न दोन दिवस सलग वाजून कायमचा बसला. आरसा नवरदेवाच्या मित्रांनी भांग पाडायला काढून नेला (अजून त्यांचे भांग पाडणे चालू आहे). मागासलेल्या माणसाने दुरुस्ती केली असती. सूर्यभानने प्रगती केली.

नऊ माणसांच्या जिपेत तेवीस बसत. पुढे सूर्यभान आणि गिअर यांच्यामध्ये कोंडीराम व त्याचे पोट असे, त्यामुळे सूर्यभानचा हात पोहोचत नसे. गिअर येई अंडी विकणाऱ्या झुंबरबाईंच्या गुडघ्यांत. सूर्यभानने क्लच दाबून नुसते म्हणायचे, "मावशे, दुसरा!" की दुसरा पडे. "हॉर्न!" म्हटले की कोंडीराम सूर्यभानच्या अंगावरून मान बाहेर काढी, "ए म्हशीवाल्या, सरक की!" आणि "मागं?" विचारले की मागे लोंबकळणारे एका सुरात सांगत, "एस्टी हाय, जाऊ द्या तिला!"

शंभरातून सत्त्याण्णव वेळा गिअर बरोबर पडे. उरलेल्या तीन वेळी झुंबरबाई सुनेविषयी बोलत असत.

तीन वर्षांनी जीप आरटीओच्या साहेबांकडे पासिंगला न्यावी लागली. नापास झाली तर सूर्यभानची चूल बंद आणि गावाचा बाजारही बंद. त्याने दोन्ही महत्त्वाचे सुटे भाग सोबत घेतले.

"हे कोण?" साहेबांनी विचारले.

"साहेब, ह्यो हॉर्न. ह्या गिअर."

"उतरवा! चाचणीत फक्त ड्रायव्हर आणि मी."

दोघे उतरले. तीन वर्षे सूर्यभानचा डावा हात मांडीवरून उठला नव्हता. साहेब शेजारी ऐसपैस बसले, गुडघे गिअरला लागले. घाबरलेल्या सूर्यभानने क्लच दाबला आणि डोळे मिटून सवयीने ओरडला, "पयला!"

साहेबांनी पहिला टाकला.

साहेबांची नोकरी सव्वीस वर्षांची होती. मोठ्या आवाजात हुकूम आला की आधी करायचे आणि विचार पेन्शनीत करायचा, ही त्यांची शिस्त होती. "दुसरा!" दुसरा पडला. "हॉर्न!" साहेबांनी मान बाहेर काढून मैदानातल्या शिपायाला हाकलले. "मागं?"

"मोकळं आहे, येऊ द्या!" साहेब म्हणाले.

मैदानाला दोन फेऱ्या झाल्या. खाली उतरून साहेबांनी शेरा मारला: गिअर तत्पर. हॉर्न खणखणीत. गाडी पास.

"दुसरा उशिरा टाकला त्यानी," झुंबरबाई कोंडीरामला म्हणाल्या. "शिकंल हळूहळू."

असो. तुम्ही मघापासून फाट्यावर उभे राहून या अडाण्यांना हसताय, तेवढ्यात तुमची एस्टी गेली. पुढची आता संध्याकाळी. तेव्हा या, पुढेच बसा, गुडघे जरा फाकवून. ती जागा रिकामी आहे. झुंबरबाई १९९९ च्या चैत्रात, घरी, झोपेत वारल्या.